पोहरा, रहाट, पाट आणि पाऊस

स्पेनमधल्या अविला गावातली एक धर्मभगिनी प्रार्थनेच्या तासाला बसली, की तिचे अर्धे लक्ष घड्याळाच्या ठोक्यांकडे असे. तास कधी संपतो, याची ती वाट पाही. प्रार्थनागृहात शिरण्यापेक्षा एखादे कडक प्रायश्चित्त परवडले, असे तिला वाटे. हे तिने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १९७० मध्ये कॅथलिक चर्चने याच बाईंना, संत तेरेसांना, ‘चर्चच्या आचार्य’ हा किताब दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्यांच्या अधिकाराचा विषय होता प्रार्थना!

भक्तीच्या वाटेवर कोरडे दिवस येतात. श्रद्धा गेलेली नसते. रविवारची उपासना चुकत नाही, जेवणाआधी हात जोडले जातात, रात्री शास्त्राचा एक अध्याय वाचून होतो. गोडी मात्र गेलेली असते. ओठ प्रार्थना म्हणत असतात आणि मन उद्याच्या बाजाराची यादी करत असते. देव नाही, असे कोणी म्हणत नाही. देव आहे, पण आपल्यापाशी नाही, एवढेच जाणवत राहते.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर स्वतःला फटकारतो, मोठ्याने गातो, उपास वाढवतो, गेलेला उमाळा ओढून आणू पाहतो. नाहीतर ‘मनापासून होत नाही तर करायचे कशाला’ म्हणून सगळे हळूहळू सोडून देतो. पहिला दमतो, दुसरा दुरावतो. या वाटेने गेलेल्या जाणत्यांनी तिसरेच काही सांगून ठेवले आहे. ओलावा आपल्या हातचा नाही, तरी आपल्या हातचे थोडे काम असते आणि ते सोडायचे नसते. देवाची मदतही बहुतेक वेळा हरवलेल्या भावनेच्या रूपाने परतत नाही. ती वेगळ्याच रूपाने दारात उभी राहते, आणि म्हणूनच तिची ओळख पटत नाही. या प्रकरणात आपण ही रूपे एकेक करून पाहणार आहोत.

वाणीच्या आधी भाकर

एलीया संदेष्ट्याची गोष्ट पहिल्या राजे या ग्रंथाच्या अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांत येते. इस्राएलात अनेक वर्षांचा दुष्काळ पडला होता. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एलीया एकटा उभा राहिला, त्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला आणि त्याच दिवशी पाऊसही आला. याहून मोठा विजय कुठला असणार? पण अहाब राजाची राणी ईजबेल हिने जिवे मारण्याची धमकी पाठवताच हाच माणूस पळत सुटला. बैर-शेबाला चाकराला मागे ठेवून तो एकटाच दिवसभराची वाट चालत रानात गेला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितले. ज्याच्या प्रार्थनेने देशात पाऊस आला, तोच आतून आटला होता.

देवाने त्याला तिथे उपदेश केला नाही, की कर्मेलची आठवणही करून दिली नाही. एलीयाला झोप लागली. देवदूताने त्याला हलवून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. खाऊन-पिऊन तो पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले आणि पुन्हा खायला सांगितले, कारण पुढची वाट लांबची होती. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल झाली, होरेब डोंगर आला, वादळ, भूकंप आणि अग्नी येऊन गेले, आणि अखेर ती प्रसिद्ध मंद वाणी आली.

प्रवचनांत वाणीवर पुष्कळ बोलले जाते आणि भाकर मागे राहते. कथेचा क्रम मात्र भाकर, झोप, पुन्हा भाकर, चाल आणि मग वाणी असा आहे. ती वाणीही एलीयाला कुरवाळत बसत नाही. ती त्याला तीन कामे सांगते. त्यांतले एक म्हणजे अलीशाला अभिषेक करणे, म्हणजेच सोबती आणि वारस मिळवणे. ‘मीच एकटा उरलो आहे’ हे एलीयाचे रडगाणे होते. त्याला उत्तर मिळाले, की बआलापुढे गुडघे न टेकलेले आणखी सात हजार जण देशात आहेत. मदत आली ती अन्न, झोप, काम आणि माणसे या रूपांत. कर्मेलवरचा अग्नी काही परत आला नाही.

तक्रार हीही प्रार्थना

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. यरुशलेमच्या मंदिरात उपासनेसाठी म्हटल्या जाणाऱ्या गीतांच्या संग्रहात ‘तू कुठे आहेस, किती काळ गप्प राहणार’ या आशयाची गीते इतकी असावीत, याचा अर्थ काय? या समाजाने तक्रार देवळाबाहेर काढली नाही, तिला उपासनेतच जागा दिली. बेचाळिसाव्या स्तोत्राचा गायक पाण्यासाठी आसुसलेल्या हरिणीसारखा तळमळतो. लोक त्याला ‘तुझा देव कुठे आहे’ म्हणून हिणवतात आणि तो आपल्याच जिवाला समजावत बसतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही उजेड दिसत नाही, ते अंधारातच संपते. तरी ते शास्त्रात राहिले.

मराठी वाचकाला हा सूर परका वाटणार नाही. देहूच्या तुकोबांनी दुष्काळ पाहिला, घरची माणसे गमावली, धंदा बुडाला. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी केलेली भांडणे आहेत. भेट न देणाऱ्या देवाला ते टाकून बोलतात, विठ्ठल आपल्यापुरता उरलाच नाही, इथपर्यंत त्यांची मजल जाते. पण ही सगळी भांडणे विठ्ठलाशीच आहेत. पाठ फिरवून गेलेला माणूस भांडत नसतो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी ख्रिस्ती भक्तीला हा रांगडा मोकळेपणा त्या वाटेने मिळाला आहे, तर तो वापरायला संकोच कशाला? कोरड्या दिवसांत स्तुतीचे शब्द उसने आणण्यापेक्षा खरी तक्रार मांडलेली बरी. ती मांडताना आपण कोणाशी तरी बोलत असतो, आणि बोलणे चालू आहे तोवर नाते तुटलेले नसते.

भरदुपारची मरगळ

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो साधक झोपड्या बांधून राहत. कॉन्स्टँटिनोपलचे झगमगते जीवन सोडून आलेला एव्हाग्रिउस हा त्यांच्यातला सर्वांत बारीक नजरेचा निरीक्षक. त्याची अखेरची वर्षे केलिया या वसाहतीत गेली आणि तिथेच ३९९ मध्ये तो वारला. साधकाला गाठणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी त्याने केली. त्यांत सर्वांत जड म्हणून त्याने भरदुपारी येणाऱ्या मरगळीचे नाव घेतले.

त्याने केलेले तिचे वर्णन आजच्या कोणालाही ओळखीचे वाटेल. सकाळी दहाच्या सुमारास ती येते आणि दोनपर्यंत हलत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाला किती वेळ आहे ते पाहतो, कोणी भेटायला येते आहे का ते पाहतो. मग जागेचा कंटाळा येतो, हातातल्या कामाचा कंटाळा येतो. इथल्या माणसांत आता प्रेम उरले नाही, असे वाटू लागते. दुसरीकडे कुठे साधना सोपी जाईल, देव काय सगळीकडेच आहे, असा उदात्त विचारही मदतीला येतो. घरची माणसे आठवतात, पुढचे आयुष्य फार लांब दिसते. एव्हाग्रिउसचा सल्ला मात्र तीन शब्दांचा आहे: जागा सोडू नकोस. आपल्या मनाचे दोन भाग कर, एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे, असेही तो सांगतो, आणि त्यासाठी त्याच बेचाळिसाव्या स्तोत्राकडे बोट दाखवतो.

या वाळवंटी वडीलधाऱ्यांची वचने पुढे संग्रहित झाली. त्यांतली पहिलीच गोष्ट संत अँथनींची आहे. मरगळीने बेजार होऊन त्यांनी देवाला विचारले, ‘मी काय करू?’ थोड्या वेळाने त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोर वळत होता. तो देवदूत होता, आणि अँथनींना सांगणे आले, की तूही असेच कर. थोडे हातकाम, थोडी प्रार्थना, पुन्हा हातकाम. मोठ्या उमाळ्याची मागणी त्यात नव्हती. कोरड्या मनाला पेलेल एवढ्याच मापाचे काम देवदूताने त्यांना करून दाखवले.

तेरेसांची बाग

आता पुन्हा अविलाला जाऊ. संत तेरेसा (१५१५ ते १५८२) आपल्या आत्मचरित्रात मनाला बाग मानतात. माळी आपण, मालक देव, आणि प्रश्न पाण्याचा. बागेला पाणी देण्याच्या त्या चार तऱ्हा सांगतात. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून काढणे. दुसरी, रहाटगाडग्याने. तिसरी, ओढ्याचे किंवा नदीचे पाणी पाटाने आणणे. आणि चौथी, पाऊस. पहिल्या तऱ्हेत कष्ट जास्त आणि पाणी थोडे. पुढे पुढे माळ्याचे श्रम कमी होत जातात आणि पाऊस आला, की माळ्याने काही करायचेच उरत नाही. खांद्यावर दोर घेऊन पाणी शेंदलेल्या मराठी माणसाला ही उतरंड वेगळी समजवायला नको.

कोरड्या दिवसांसाठी तेरेसांनी सांगितलेले सर्वांत मोलाचे मात्र पहिल्याच पायरीवर आहे. माळी दोर सोडतो आणि विहिरीला पाणीच नसते. पोहरा रिकामा वर येतो, पुन्हा सोडावा तर पुन्हा रिकामा. असे कितीतरी दिवस चालते, आणि कधी कधी तर हात उचलावेसेही वाटत नाहीत. मग माळ्याने काय करायचे? त्याने आनंद मानावा, असे तेरेसा म्हणतात, कारण बाग मालकाची आहे आणि काम त्याच्यासाठी चालले आहे. पाणी नसतानाही झाडे जगवणे मालकाला जमते. पोहरा सोडत राहणे हे माळ्याचे काम. पाणी किती आले, याचा हिशेब मालकाकडे.

हे पुस्तकी शहाणपण नव्हते. सुमारे अठरा वर्षे, ख्रिस्तप्रसादानंतरचा वेळ सोडला तर, हाती पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धाडस आपल्याला झाले नाही, असे त्या सांगतात. आपले शब्द फुटत नव्हते, म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या शब्दांचा हात धरला. मध्यंतरी काही काळ त्यांनी एकांतातली प्रार्थना सोडूनही दिली. आपण या लायकीचे नाही, असे वाटणे हीच त्यांना नम्रता वाटली होती. आयुष्यातली सर्वांत मोठी फसगत म्हणून त्या पुढे याच काळाकडे बोट दाखवतात.

खुणा ओळखणे

प्रत्येक कोरड एका जातीची नसते, हे सर्वांत नेमके सांगितले ते तेरेसांचे सहकारी संत योहान यांनी. ‘क्रुसाचे योहान’ म्हणून ते ओळखले जातात. तेरेसांनी हाती घेतलेल्या कार्मेल संघाच्या सुधारणेला विरोध असलेल्या त्यांच्याच संघबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये त्यांना पकडून तोलेदोच्या मठात कोंडले. खोली जेमतेम सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब. उजेड एका फटीतून येई. उपासमार आणि फटके वेगळेच. ऑगस्ट १५७८ मध्ये ते तिथून निसटले. त्या कोठडीत त्यांनी रचलेली कडवी आज स्पॅनिश काव्याच्या शिखरावर मोजली जातात, आणि ‘आत्म्याची अंधारी रात्र’ हा शब्दप्रयोग त्यांच्याच लेखनामुळे जगभर रूढ झाला.

कोरड देवाच्या वाटेवरची आहे, की आपल्या हलगर्जीपणाची किंवा शरीराच्या बिघाडाची, हे ओळखण्यासाठी योहान तीन खुणा देतात. एक, देवाच्या गोष्टींत गोडी नाही, आणि दुसऱ्या कशातही नाही. प्रार्थनेचा कंटाळा पण बाकी मौजमजेला उत्साह, असे असेल तर ती वेगळी बाब. दोन, गोडी नसली तरी मनाला देवाचीच काळजी लागून राहते. आपण मागे पडतो आहोत, सेवा नीट होत नाही, ही टोचणी असते. हलगर्जी माणसाला ती नसते. तीन, पूर्वीसारखे प्रसंग डोळ्यांसमोर आणून मनन करणे कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. तिन्ही खुणा एकत्र असतील, तर घाबरू नये, स्वतःवर जबरदस्ती करू नये, देवाकडे शांतपणे लक्ष लावून बसावे. भावनेचे अन्न काढून घेऊन देव माणसाला अधिक खोल, शब्दांवाचूनच्या प्रार्थनेकडे नेत असतो, असे योहान सांगतात.

खिन्नतेच्या आजारानेही अशी कोरड येऊ शकते, हे सोळाव्या शतकातल्या या साधूला ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले. आपण ते विसरता कामा नये. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कामात, माणसांत, आवडीच्या कशातच रस उरलेला नाही, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल, तर तेवढेही थांबू नये. भारत सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. एलीयाला देवदूताने आधी भाकरच दिली होती.

कोरड्या दिवसांत मोठे निर्णय नकोत

संत इग्नेशियस लोयोला मुळात शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते आपल्या मनाच्या हालचाली टिपू लागले. पुढे मनरेसा गावी अकरा-एक महिने त्यांनी आनंदाचे आणि घोर निराशेचेही दिवस काढले. त्या निरीक्षणातून तयार झालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. जगभरच्या जेझुइट धर्मगुरूंची घडण आजही याच पुस्तिकेवर होते.

तिच्यातले कोरड्या दिवसांचे नियम कमालीचे व्यवहारी आहेत. मन उदास असताना आधी ठरवलेले बदलू नये. ओलाव्याच्या दिवसांत घेतलेल्या निर्णयावर टिकून राहावे. प्रार्थना कमी करण्याऐवजी किंचित वाढवावी. तास जड जात असेल, तर तासाच्या पुढे थोडे आणखी बसावे, म्हणजे मनाला पळवाट सापडत नाही. कारण शोधावे: आपलाच आळस आहे का, बक्षीस मिळत नसताना आपण किती चालतो हे देव पाहतो आहे का, की सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे, हे शिकण्याची ही वेळ आहे? मनातले गुपित ठेवू नये, जाणत्या माणसाला सांगावे, कारण मोह अंधारातच वाढतो. आणि चांगल्या दिवसांत असणाऱ्याने पुढच्या वाईट दिवसांची तयारी आत्ताच करून ठेवावी.

किती नोकऱ्या, किती व्रते, किती लग्ने आणि किती मंडळ्या लोकांनी एखाद्या कोरड्या आठवड्यात सोडल्या असतील! त्यांना हा पहिला नियम कोणीतरी सांगायला हवा होता.

केडगावच्या बाईंची साक्ष

आता महाराष्ट्रात येऊ. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकेत व्याख्याने झाली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. बाहेरून पाहणाऱ्याला हा काळ यशाचा दिसतो. आतली गोष्ट त्यांनी १९०७ मध्ये ‘माझी साक्ष’ या छोट्या पुस्तकात सांगितली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्ताची ओळख झालेली नव्हती, असे त्या लिहितात. मते पटलेली, काम जोरात, आणि आत तहान.

त्यांना मदत मिळाली ती एका पुस्तकाच्या रूपाने. विल्यम हॅस्लम हे कॉर्नवॉलमधले अँग्लिकन धर्मगुरू. अनेक वर्षे उपदेश केल्यावर १८५१ मध्ये एका रविवारी, व्यासपीठावर बोलता बोलता, त्यांचे स्वतःचेच परिवर्तन झाले. मंडळीला केलेला उपदेश त्यांनाच लागू पडला! त्यांचे आत्मकथन रमाबाईंच्या हाती आले आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, हे त्यांना कळले. आठ वर्षांची धडपड वाया गेली नव्हती. तिच्यामुळेच त्या पानांचा अर्थ त्यांना लागला.

त्या पुढे केडगावला गेल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी संजीवनासाठी प्रार्थना करणारा एक गट सुरू केला. सुरुवातीला सत्तरएक जणी होत्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी जमू लागल्या. जूनच्या अखेरीस पवित्र आत्म्याचा तो प्रसिद्ध वर्षाव झाला. मुली रडल्या, पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. त्या अनुभवावर रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या जागृतीला कारण झाली. या कहाणीत जून महिना सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण जानेवारी ते जून या महिन्यांत रोज जमणाऱ्या बायकांच्या हाती काय होते? पोहरा आणि दोर.

जून १९०५ नंतरच्या रमाबाईंचे चित्र तर अगदीच शांत आहे. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. छपाईही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. मुद्रिते तपासण्याचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. वर्षाव ओसरल्यावर त्यांनी पुढच्या वर्षावाची वाट पाहत बसण्यात वेळ घालवला नाही.

ओलावा परतलाच नाही तर?

सगळ्यांच्या वाट्याला जून महिना येतोच असे नाही. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत मदर तेरेसांना गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याची हाक आली. त्या दिवसांत त्यांना येशूची जवळीक उत्कटपणे जाणवत होती. १९४८ मध्ये त्या लोरेटो मठ सोडून कोलकात्याच्या वस्त्यांत उतरल्या, आणि काम सुरू झाले त्याच सुमारास ही जवळीक नाहीशी झाली. त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, ती जवळपास परतलीच नाही. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. सदा हसऱ्या दिसणाऱ्या या बाई आतून अर्धे शतक अंधारात चालत होत्या. अपवाद फक्त एक. ऑक्टोबर १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांच्यासाठी झालेल्या मिस्साच्या वेळी त्यांनी देवाला खूण मागितली, आणि अंधार सरला. सुमारे महिनाभर उजेड राहिला, मग पुन्हा अंधार.

१९६१ मध्ये त्यांनी हे सगळे एका जेझुइट धर्मगुरूंना सांगितले. फादर योसेफ नॉयनर ऑस्ट्रियाचे, पण पुण्यात दीर्घकाळ ईश्वरविद्या शिकवणारे. ते पुण्यातच २००९ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. त्यांनी मदरना साधारण तीन गोष्टी सांगितल्या. या अंधारावर मानवी उपाय नाही, तेव्हा तो आपल्या चुकीमुळे आला, असे मानू नका. येशूची जाणीव हाच त्याच्या सान्निध्याचा एकमेव पुरावा नव्हे, देवासाठी होणारी ही तळमळच तो असल्याची खूण आहे. आणि हा अंधार तुमच्या कामाचाच आतला भाग आहे. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यात तुम्ही राहता, आणि कोणी नसल्याची त्यांची वेदना आता तुमच्या आतही आहे.

ओलावा परतला नाही. पण मदरनी नंतर लिहिले, की आता आपल्याला हा अंधार प्रिय वाटू लागला आहे. त्यांना मिळालेली मदत म्हणजे अर्थ. तो एका माणसाच्या तोंडून आला आणि पुढची छत्तीस वर्षे पुरला.

आपल्या हातचे काम

या सगळ्यांकडून आपण काय घ्यावे? प्रथम शरीर. दमलेल्या माणसाने आपल्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, आधी झोपावे. मग माप. रोज तासभर जमत नसेल, तर दहा मिनिटे ठरवावीत, पण जागा आणि वेळ बदलू नये. शब्द सुचत नसतील, तर स्तोत्रसंहिता उघडावी आणि तिच्यातल्या एखाद्या तक्रारीवर आपली सही करावी. हाताने करण्याचे काही काम जोडीला ठेवावे: बागकाम, शिवण, वस्तीतल्या मुलांची शिकवणी, आजाऱ्याला डबा. सेवा करताना देवाची जाणीव झालीच पाहिजे, अशी अट मात्र घालू नये. मोठे निर्णय पुढे ढकलावेत. आणि एका माणसाला, फक्त एका, सगळे खरे सांगावे.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती केवळ कोरड्या माणसावर सोपवून चालणार नाही. आपल्या मंडळ्यांत कोणी ‘प्रार्थना होत नाही’ म्हटले, की लगेच ‘विश्वास कमी पडतोय’ हे उत्तर तयार असते. मग पुढच्या वेळी तो माणूस काही बोलत नाही. या प्रकरणात आलेल्या कोणालाही देवाकडून हे उत्तर मिळालेले नाही. कोणाला अन्न मिळाले, कोणाला पुस्तक, कोणाला काम, तर कोणाला ऐकून घेणारा माणूस. यातले काहीच आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

सुरुवात करायची असेल, तर ती व्यासपीठावरून बोलणाऱ्यापासून करावी. पाळकाला किंवा फादरना आपण सभेची वेळ विचारतो, दाखल्यावर सही मागतो, घरच्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. त्यांची स्वतःची प्रार्थना कशी चालली आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. या रविवारी उपासना संपल्यावर विचारून पाहावे, आणि उत्तर लांबले तर ते संपेपर्यंत थांबावे.